नोंद आणि वहिवाट

नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या सडकेवर, कर्जत तालुक्यात, आमचे मिरजगाव वसले आहे. पर्जन्यछायेतील गावांच्या वाट्याला जे येते ते, म्हणजे ज्वारी, ऊन आणि आभाळाकडे पाहण्याची सवय, आम्हांलाही मुबलक लाभले आहे. आणि ज्या मुलखात पावसाचा भरवसा नाही तेथे माणसाला दुसऱ्या कशाचा तरी भरवसा धरावाच लागत असल्यामुळे, कोणी पंचांगाचा धरतो, कोणी पुढाऱ्याचा धरतो, आणि आमचे भाऊसाहेब विंडोजच्या नव्या आवृत्तीचा धरतात.

भाऊसाहेब हे सेवानिवृत्त तलाठी. उभी हयात फेरफाराच्या नोंदवहीत गेल्यामुळे, वस्तू बदलली की नोंद बदलते हा जगाचा शिरस्ता त्यांच्या मनात उलटा ठसला होता: नोंद बदलली की वस्तू बदललीच! शासनाने 2024 साली तलाठ्याचे नामाभिधान ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले, तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली असतानाही त्यांनी आळीत पेढे वाटले. सरकारी नोकरांना एमएस-सीआयटीची परीक्षा बंधनकारक झाली त्या काळी, केस पांढरे होऊ लागल्यावर, ते ती उत्तीर्ण झाले. त्याचे प्रमाणपत्र विठोबाच्या तसबिरीशेजारी लावलेले आहे, आणि हार एकच असल्यामुळे तो एकादशीला इकडे व एरवी तिकडे असतो. तेव्हापासून कोणाचा प्रिंटर शाई ओको, कोणाच्या कळफलकाचा ‘क’ रुसो, भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवून एकच निदान करतात: “विंडोज जुनी झाली. नवी मारून घ्या.”

2001 साली जन्मलेल्या एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी काढून घेतला, तेव्हा ही वार्ता भाऊसाहेबांनी जप्तीची नोटीस बजावावी तशा गांभीर्याने घरोघर पोहोचवली. त्याच लग्नसराईत माझ्या पुतणीच्या विवाहाचा चित्रपट छायाचित्रकाराने पेनड्राइव्हमध्ये घालून आणून दिला. तो फुल एचडी होता. म्हणजे आडवे 1920 आणि उभे 1080, मिळून एका चित्रात 20,73,600 ठिपके, आणि अशी 25 चित्रे दर सेकंदाला. सारे कुटुंब सतरंजीवर बसले. माझ्या एक्सपीवाल्या संगणकावर ध्वनी आपल्या चालीने पुढे निघून गेला आणि चित्र मागे राहिले. ‘सावधान’ झाले, टाळ्या पडल्या, वाजंत्री थांबली, पंगतीची हाकही ऐकू आली, तरी पडद्यावर अंतरपाट धरलेलाच होता आणि भटजींचे तोंड उघडेच होते. वहिनींनी डोळ्यांना लावलेला पदर तसाच राहिला. लेक सासरी गेली म्हणून रडावे की ती अजून बोहल्यावर उभी आहे म्हणून थांबावे, हे त्यांना उमगेना.

भाऊसाहेब दारातच उभे होते. “गुरुजी,” ते म्हणाले, “मुदत संपलेल्या विंडोजवर लग्न लावलंत, दुसरं काय होणार?” त्यांनी रुमालात गुंडाळलेली चकती काढली, दुपारभर माझ्या खुर्चीवर ठाण मांडून सातव्या क्रमांकाची विंडोज मारली, मधल्या वेळेत चार कप चहा घेतला, आणि दिवेलागणीला चित्रपट पुन्हा लावला. अंतरपाट वेळेवर खाली आला, अक्षता वेळेवर पडल्या, आणि वहिनींना यथाकाल रडता आले. त्या रात्री आळीत भाऊसाहेबांची कीर्ती नवरदेवाहून अधिक झाली.

न्यायाने सांगायचे तर त्यांचा सिद्धांत येथे निम्मा खरा ठरला होता. चित्रपटाच्या फायलीत प्रत्येक चित्र समग्र साठवलेले नसते. मधून मधून एक पूर्ण चित्र असते, आणि बाकीच्यांच्या जागी शेजारच्या चित्रांपेक्षा काय बदलले एवढ्याचीच टिपणे असतात. म्हणजे एक सातबारा आणि त्यावर फेरफारांची चळत. ही चळत उपसून सेकंदाला 25 स्वच्छ सातबारे लिहून काढण्याचे काम मुख्य प्रोसेसर एकटा करू लागला, तर तो मेटाकुटीस येतो. माझ्या संगणकाच्या ग्राफिक्स चिपमध्ये नेमका याच कामाचा एक कारकून नेमलेला होता. परंतु या धाटणीची फाईल उलगडण्याची तजवीजच एक्सपीत नसल्यामुळे त्याच्यापर्यंत कागद पोहोचत नव्हते, आणि तो बिचारा खरेदीच्या दिवसापासून कोपऱ्यात रिकामा बसून होता. सातव्या विंडोजने येताच हजेरीपट पाहिला आणि दफ्तर त्याच्यापुढे टाकले. चित्राची खळखळ गेली ती एवढ्यानेच. चित्र स्वतः यत्किंचितही सुधारले नव्हते. माझ्या पडद्यावर आडव्या 1366 व उभ्या 768 ठिपक्यांपुरतीच जागा असल्याने, छायाचित्रकाराने दिलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे ठिपके उंबऱ्याबाहेरच राहत होते.

हे रहस्य भाऊसाहेबांना ठाऊक नव्हते, आणि यशस्वी माणसाला रहस्य ठाऊक असण्याची गरजही नसते. दुसऱ्या दिवशी त्यांनी किराणा दुकानदाराच्या संगणकावर तोच प्रयोग केला. ते यंत्र पुष्कळ जुने. त्याच्या दफ्तरात असा कारकून मुळी नेमलेलाच नव्हता, आणि नव्या विंडोजला किमान लागणारी 1 गिगाबाइट स्मृती त्याच्यापाशी जेमतेम होती. परिणामी पूर्वी मंगलाष्टकांपर्यंत रखडत येणारा चित्रपट आता गणेशपूजनाच्या पुढे सरकेना, आणि उधारीचा हिशेब उघडायला लागणाऱ्या वेळात गिऱ्हाईक उधारी विसरून जाऊ लागले. भाऊसाहेब खचले नाहीत. “नोंद धरली नाही,” ते शांतपणे म्हणाले. “पुढची आवृत्ती येऊ द्या.”

पुढच्या आवृत्त्या आल्या. दहावी विंडोज 2015 साली आली आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी तिचीही मुदत भरली. आणि भाऊसाहेबांनी मोठ्या उत्साहाने स्वतःच्याच संगणकावर अकरावी घेऊ पाहिली. तिने आधी पात्रतेची चौकशी केली, टीपीएम 2.0 नावाची सुरक्षाव्यवस्था आहे काय असे विचारले, प्रोसेसरचे वय पाहिले, आणि अर्ज फेटाळला. दुसऱ्यांचे अर्ज फेटाळण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने आपला अर्ज फेटाळलेला पाहणे हा प्रसंग करुण होता. त्यातच पुण्याहून नातवाच्या पहिल्या पावलांची चित्रफीत आली. फोनने ती एचईव्हीसी या नव्या धाटणीत बांधली असल्यामुळे दहावी विंडोज ती उघडीना, आणि वेगळा कोडेक घ्या म्हणू लागली. “अकरावीशिवाय हे दिसायचं नाही,” भाऊसाहेबांनी निकाल दिला, आणि काकूंचा चेहरा उतरला.

शेजारचा नववीतला मुलगा तेवढ्यात आत आला. त्याने सडकेच्या कामावर ठेवतात तसल्या नारिंगी शंकूचे चिन्ह असलेला व्हीएलसी नावाचा फुकट प्लेअर उतरवून घेतला. सगळ्या धाटणीच्या गाठी सोडवण्याची विद्या तो स्वतःबरोबरच घेऊन येतो, विंडोजपाशी मागत नाही. पाच मिनिटांत नातू पडद्यावर उभा राहिला, डुलला, दोन पावले चालला आणि बसकण मारून हसला. काकूंनी बोटे मोडली.

भाऊसाहेब मात्र चष्मा कपाळावर चढवून, हद्दीचा दगड हललेला पाहावा तसे त्या शंकूकडे पाहत राहिले.

“दिसतंय खरं, गुरुजी,” ते अखेर म्हणाले, “पण ही नुसती वहिवाट झाली. नोंद कुठंय?”