एकरी किती?

उजनी उणे झाली की सगळा सोलापूर जिल्हा हळहळतो आणि मी बॅटऱ्या चार्जिंगला लावतो. हे कुठे लिहू नये असं घरच्यांचं मत आहे. पण धरणाचं पाणी मागं सरल्याशिवाय करमाळा तालुक्यातल्या आमच्या काठाला विमान उतरवण्याजोगी सपाट जागाच सापडत नाही, त्याला मी काय करू? काठाला ऊस, उसापलीकडे केळी, केळीवर विजेच्या तारा. पाणी हटलं की मात्र वाळलेल्या गाळाचं असं पटांगण उघडं पडतं की बारामतीच्या धावपट्टीवरून उठणाऱ्या शिकाऊ पायलटांनाही हेवा वाटावा. असं मला वाटतं. त्यांनी कधी खाली वाकून पाहिल्याचं दिसलेलं नाही.

माझं विमान रिमोटवरचं आहे आणि कसरतीचं आहे. यातला दुसरा भाग मी थोडा मोठ्याने सांगतो. कसरतीच्या विमानाचा पंख वरून जेवढा फुगीर तेवढाच खालून, म्हणून ते सुलटं उडतं तसंच उलटंही उडतं. मोटर विमानाच्या वजनापेक्षा जास्त ओढते, त्यामुळे नाक आभाळाकडे करून ते नुसतं पंख्यावर लोंबकळत राहू शकतं. ‘राहू शकतं’ हे विमानाच्या क्षमतेबद्दल झालं. माझ्या हातात ते लोंबकळतं, विचार करतं आणि येतं खाली. त्यावर माझं उत्तर ठरलेलं असतं: वारा. उजनीच्या काठाला वारा नाही असा दिवस उगवत नाही, त्यामुळे या उत्तराला आजवर कुणी आव्हान दिलेलं नाही.

अंग थर्मोकोलचं आणि फोमशीटचं, पंखात कार्बनची काडी, शेपटीपाशी दोन बोटभर सर्व्हो. लांबून विमानाची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे कळत नाही, म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या रंगवाव्या लागतात. मी रंगाचे पैसे वाचवले. चौकात उतरवून ठेवलेल्या वाढदिवसाच्या बोर्डावरचं व्हायनल सोलून पंखाच्या खालच्या बाजूला चिकटवलं. त्यात एका भावी आमदारांचा गॉगल, मिशी आणि जोडलेल्या हातांपैकी दीड हात आला. खालून भाऊ दिसले की विमान सुलटं. भाऊ दिसेनासे झाले की उलटं. निवडणुकीनंतर ही खूण आणखीच पक्की झाली.

आता या उणे प्रकरणाबद्दल थोडं बोलू द्या, कारण आमच्याकडे ‘जेवलात का’च्या आधी ‘उजनी किती?’ विचारतात. शंभर टक्के भरलं की धरणात एकूण 117 टीएमसी पाणी असतं. त्यातलं सुमारे साडेत्रेसष्ट मृतसाठा, उरलेलं साडेत्रेपन्न उपयुक्त. म्हणजे जिवंतापेक्षा मेलेलं जास्त. टक्केवारी मोजायची ती फक्त जिवंताची. म्हणून उन्हाळ्यात धरण शून्यावर न थांबता खाली उतरत राहतं आणि पावसाळ्यात, 117 च्याही वर पाणी साठवलं की, 100 वर न थांबता 111 टक्क्यांपर्यंत जातं. एकाच पोराने एका परीक्षेत 111 आणि दुसरीत उणे 60 गुण आणावेत आणि दोन्ही वेळा गुरुजींनी ते मुकाट्याने लिहून घ्यावेत, तसं हे चालतं. 2024 च्या जूनमध्ये ते खरोखरच उणे 60 च्या आसपास होतं आणि त्याच ऑगस्टमध्ये 100 च्या वर. बरं, उणे 60 म्हणजे धरण कोरडं का? छे! तेव्हाही 31 टीएमसीच्या आसपास पाणी असतंच. पुण्याला पाणी पाजणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी 29 होतात. पुण्याचं तुडुंब ते आमचं उणे. हे मी पुण्यातल्या मेहुण्याला दर दिवाळीत सांगतो; त्याला ते पाठ झालं आहे, पटलेलं नाही.

तर मे महिन्यातलं ते पटांगण. मी गॉगल लावतो, टोपी घालतो, रिमोटचा पट्टा गळ्यात अडकवतो आणि मोटारसायकली जाण्यायेण्याची वेळ बघूनच उडवतो. एकट्याने केलेला लूप फुकट जातो. माणसं थांबतात. एक लूप, एक रोल, मग उलट्या पोटाने काठाला समांतर एक फेरी. मी बेफिकीर चेहरा करून टाळ्यांची वाट बघतो. मागून आवाज येतो, “एकरी किती?”

उसावर औषध फवारणारे ड्रोन आल्यापासून हा प्रश्न मला चुकलेला नाही. हे ड्रोन नाही, असं मी समजावतो. ड्रोन हवेत आपोआप थांबतो, त्याला अक्कल आतूनच बसवलेली असते; इथे सगळी अक्कल माझी आहे. विमान अंगावर येत असताना डावं-उजवं फिरतं, पडलेल्या पंखाच्या बाजूला रिमोटची काठी ढकलायची असते, उलटं असताना वर ओढलं की खाली जातं. ऐकणारा शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि म्हणतो, “मंग फवारत न्हाय व्हय.” 2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांतून रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, म्हणून लोक काठ्या घेऊन जागत होते. त्या दिवसांत आमच्याही वस्तीवर माझ्याकडे बघायची नजर बदलली होती. चोर म्हणून का होईना, पायलट समजले हे समाधान. दुसरा एक पंथ कॅप्टन अमोल यादवांचा दाखला देणाऱ्यांचा: “त्या माणसानं मुंबईत कांदिवलीला गच्चीवर सहा सीटचं इमान बांधलं. तुमच्यात किती बसत्यात?”

एकदा मात्र ‘एकरी किती?’ विचारणाऱ्याकडे मला नीट बघता आलं नाही. विचारणारा शेजारचा बाप्पू होता; तो पाणी उपसायची मोटार खाली सरकवत होता. पाणी हटलं की पाण्यामागे मोटार न्यायची, केबल वाढवायची, पाइपाला पाइप जोडायचा, गाळातून चारी उकरायची. चार दिवसांनी पाणी आणखी हटतं. वीज येणार मोजके तास, त्यातले निम्मे याच हमालीत जातात. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या, त्यांच्याच नातवांनी त्याच जमिनीवर पाइप ओढत पाण्याच्या पाठी धावायचं आणि पाणी बोगद्यातून, कालव्यातून पुढे गेलेलं बघायचं, याची चीड मला उलट्या उड्डाणातही विसरता येत नाही. बाप्पूच्या डोक्यावरून भाऊ दीड हात जोडून तीनदा गेले. मी विमान उतरवलं आणि पाइपाचं दुसरं टोक धरलं. “वारा लई सुटलाय व्हय?” बाप्पूने विचारलं. मी हो म्हणालो.

आमचे आण्णा या खेळाला ‘तुझं कबुतर’ म्हणतात. 1980 मध्ये धरण पुरं झालं, पण त्यांच्या बोलण्यात गाव अजून तिथेच, खाली आहे. पळसदेवचं देऊळ पाण्याबाहेर आलं की बातमी होते, माणसं गाड्या करून बघायला जातात. आमच्या जुन्या गावठाणाचं तसलं काही वर येत नाही. येतात ते फक्त जोत्यांचे चार दगड आणि बुजलेल्या विहिरीचं तोंड. एके दिवशी आण्णा काठी टेकत आले, विमानाकडे बघितलंच नाही, पायाखाली बघत म्हणाले, “तू पेठंत उभा हाईस.” माझी धावपट्टी म्हणजे त्यांची बाजारपेठ होती. मग बराच वेळ विमानाला हात लावून बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, “ह्याला क्यामेरा लागतो का?”

एवढी वर्षं ‘हे ड्रोन नाही’ म्हणून घसा कोरडा केला आणि आता मीच कॅमेरा मागवला. रबराने पोटाला बांधला, भाऊंचा गॉगल झाकला गेला. पहिल्या उड्डाणात मी माझं सगळं भांडार उघडलं: लूप, रोल, नाक वर करून लोंबकळणं. संध्याकाळी ओसरीवर आण्णांच्या हातात मोबाइल दिला. पडद्यावर आभाळ, गाळ, आभाळ, गाळ, बाप्पूची मोटार, आभाळ. आण्णांनी डोळे मिटून भिंतीला पाठ लावली. सूनबाईने लिंबू-पाणी आणलं.

सरळ उडवणं फार अवघड असतं हो. कसरतीत चूक झाली तर ती नवी कसरत म्हणून खपते. सरळ रेघेत चूक झाली तर ती चूकच. पण दुसऱ्या दिवशी आण्णा माझ्या आधी काठावर हजर. काठीने हवेत रस्ता आखून दिला: मारुतीच्या पारापासून निघायचं, पेठेतून जायचं, विहिरीला वळसा, मग शाळा, मग आपला वाडा. मला दिसत होता फक्त गाळ. आण्णा शेजारी उभं राहून सांगत होते, “सावकाश. आता डावीकडं घे. अजून घे, ती शिंप्याची गल्ली झाली, आपली फुडची. आरं, हळू! लोकांच्या घरावरनं चाललायस. आन् हितं जर उलटं केलंस, तर रिमोट काढून घेईन.”