गॅमा किरण आणि वड्यांचा घाणा

सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी माझं एक व्याख्यान असतं. सेक्रेटरींना भिडेपोटी नाही म्हणता येत नाही, एवढंच. यंदा मी गॅमा किरणांना हात घातला. लडाखमध्ये हानलेला, ४२७० मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राने हे किरण टिपणारी २१ मीटर व्यासाची दुर्बीण उभारली आहे. तिचं नाव 'मेस'. प्रकरण खाण्यावर जाणार, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

गोष्ट तशी सोपी. यच्चयावत आकाशगंगांमधल्या ताऱ्यांचा आजवरचा उजेड अवकाशात साठलाय. त्यातला बराचसा धूळ गिळते, जराशी तापते आणि अवरक्त रूपात परत सोडते. लांबून आलेला गॅमा किरण या उजेडाच्या कणावर आदळला की दोघेही गायब. मागे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी. त्यातही जो किरण जास्त दमदार, तो आधी संपतो. हा उजेड थेट मोजू म्हटलं तर आपल्याच सूर्यमालेतली धूळ आड येते. म्हणून १९९७ साली मार्कॅरियन ५०१ ही आकाशगंगा भडकली, तेव्हा शास्त्रज्ञांनी आले किती यापेक्षा वाटेत गळाले किती, याचा हिशेब मांडला.

एवढं बोलून खाली बसायचं होतं. मी प्रात्यक्षिक काढलं. वीस मुलांनी गेटपासून स्टेजपर्यंत पळायचं, मधली मोठी माणसं म्हणजे अवरक्त कण, धडकला तो बाद. शिट्टी वाजवली आणि त्याच क्षणी वाटेतल्या कढईतून वड्यांचा पहिला घाणा निघाला.

माईक धरून मी चार मिनिटं "येतील, येतील" म्हणत होतो. दांडगी पोरं पहिल्या दहा पावलांतच नाहीशी झाली. प्रत्येक धडकेतून मात्र जोडी निघाली: रडणारं पोर आणि दुसऱ्याच्या आईशी भांडणारी आई. स्टेजवर पोचली ती एकटी तळमजल्यावरची चार वर्षांची चिमुरडी, चपला हातात घेऊन, रमतगमत.

"प्रयोग फसला," असं मी जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

रात्री दीड वाजता ताडकन उठून बसलो. "अगं, फसला कुठे? कमी ऊर्जेचाच किरण पोचतो! चिमुरडी बरोबर होती!"

"वडा खाल्लात का तुम्ही?" बायकोने कूस न बदलता विचारलं.

नव्हता खाल्ला.