गणित सोडलं, आता डॉक्टरच!

मे महिन्यात आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत दोन हंगाम एकमेकांत घुसतात. एक तेंदूपत्त्याचा, दुसरा विषयांचा. तेंदूच्या हंगामात कोणतं पान खुडायचं हे निदान खुडणाऱ्याला ठाऊक असतं. विषयांच्या हंगामात पानं मामा, मावसा आणि शेजारचे निवृत्त हेडमास्तर खुडतात आणि पुडा पोरीच्या नावावर बांधला जातो.

दहावीचे टक्के नव्वदीच्या आसपास घुटमळले की ‘सायन्स घ्यायचं का’ हा प्रश्न घरात निघतच नाही. प्रश्न एवढाच, की गणित ठेवायचं का सोडायचं. गणित सोडणं ही आमच्याकडे डॉक्टरकीची पहिली परीक्षा आहे आणि तिचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो. फॉर्मवर पीसीबी (भौतिक, रसायन, जीव) लिहिलं, की त्याच संध्याकाळी गल्लीत पोरगी ‘डॉक्टर होऊन राहिली’. अजून अकरावीची पुस्तकं आलेली नसतात, पण शेजारच्या काकू गुडघा दाखवून जातात.

प्रत्येक घरात एक सावध माणूस असतो. तो पानाला चुना लावता लावता म्हणतो, “गणित राहू द्या न भाऊ. डॉक्टर नाही झाली तं इंजिनेर होईन. काहून सोडता?” याला पीसीएमबी म्हणतात. हा ग्रुप घेतलेलं पोरगं दोन वर्षं दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहतं आणि बारावीच्या शेवटी ज्या दगडावर पाय उरेल त्याला आपलं स्वप्न म्हणतं. मुलगा असेल तर सावध माणसाचं ऐकतात. मुलगी असेल तर ‘तिले कशाले गणिताचा ताप’ म्हणून सोडवतात. गणिताच्या तापावर एवढं जालीम औषध आमच्या भागात दुसरं नाही.

पुढचा विनोद भौतिकशास्त्र करतं. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचे एकूण गुण ७२०. त्यातले ३६० जीवशास्त्राचे, १८० रसायनशास्त्राचे आणि १८० भौतिकशास्त्राचे. जीवशास्त्र पाठ करणारे लाखांनी असतात, त्यामुळे गाळणी लावायचं काम भौतिकशास्त्राकडे येतं. गणिताला मागच्या दारानं हाकललेलं पोरगं पुढच्या दारानं भौतिकशास्त्राच्या वर्गात शिरतं, तर तिथे सदिश, लॉगॅरिदम आणि कॅल्क्युलस पाट मांडून बसलेले. फरक इतकाच, की पीसीएमवाल्याला हे गणिताच्या सरांनी शिकवलेलं असतं आणि पीसीबीवाल्याला ‘हे तुम्हाला गणितात येईलच’ असं सांगून भौतिकशास्त्राचे सर पुढे जातात. अर्थात भौतिकशास्त्राचे सर असतील तर. आमच्याकडे सर बरेचदा तासिका तत्त्वावर असतात, म्हणजे तास असतो तोवर सर असतात आणि मानधन अडकलं की तत्त्व तेवढं उरतं.

गंमत अशी, की ज्या भीतीपोटी हा सगळा खेळ चालतो ती भीतीच आता जुनी झाली आहे. अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलं नाही म्हणजे डॉक्टरकीचं दार कायमचं बंद, असा नियम पूर्वी होता. नोव्हेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं तो सैल केला. बारावी झाल्यावर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण केलं तरी नीटला बसता येतं. पण ही बातमी आमच्याकडच्या समुपदेशकांपर्यंत पोहोचलेली नाही. तिथे अजून सोळाव्या वर्षी निवडलेला विषय लग्नासारखा धरतात. सोडचिठ्ठी मिळते, हे कुणी सांगत नाही.

गुण ओढणाऱ्या विषयांचंही एक शास्त्र आहे. मराठी घेऊ नये, त्यात लिहावं लागतं. त्याऐवजी आयटी घ्यावं. किंवा सरळ बायफोकल घ्यावं, दोनशे गुण एकगठ्ठा. यात क्रॉप सायन्स असतं, मत्स्यपालन असतं. परवा एका ढिवराच्या पोराला मत्स्यपालनाच्या पुस्तकावर रेघोट्या मारताना पाहिलं. त्याचा आजा माजी मालगुजारी (मामा) तलावात जन्मभर जाळं टाकत होता. नातवाला मात्र मासा गोड्या पाण्यात कसा वाढतो हे गुणांसाठी शिकावं लागतं, कारण त्याला डॉक्टर व्हायचं आहे. यातला दुवा मला अजून सापडलेला नाही. सापडला तर त्यावरही दोनशे गुणांचा पेपर काढता येईल.

शिवाय एक विषय सर्वांना सक्तीचा: पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा. नाव ऐकून वाटावं, गडचिरोलीत याचे तास रानात होत असतील. प्रत्यक्षात पर्यावरणाचा प्रकल्प आदल्या रात्री मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीवरून उतरवतात. चंद्रपूरची पोरं औष्णिक वीज केंद्राच्या धुरात बसून ‘प्लास्टिकचे दुष्परिणाम’ लिहितात. भामरागडची पोरं पर्लकोटेला पूर येऊन रस्ता बंद झाला की घरी बसून ‘पाणी वाचवा’ लिहितात. केंद्र सरकारची पुस्तकं तर याहून पुढे गेली. एनसीईआरटीच्या जीवशास्त्रातून पर्यावरणाच्या समस्यांचा धडा गाळला आणि पचनाचाही. २०२४पासून नीटच्या अभ्यासक्रमातही पचन नाही. आता डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरानं अन्न पचतं कसं हे वाचलं नाही तरी चालतं. अपचन झालेल्या पेशंटनं पुढे काय करायचं ते त्याचं तो बघेल.

विषय ठरले की कॉलेज. २०२५पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं, तेव्हा आमच्या दुर्गम भागाला पहिल्यांदा मुंबईची बरोबरी केल्यासारखं वाटलं. फॉर्ममध्ये दहा पसंतीक्रम. लाल डब्यानं संध्याकाळी घरी परतता येईल असं विज्ञानाचं कॉलेज एकच असेल, तर बाकीचे नऊ फॉर्मचा मान राखायला भरायचे.

पण कॉलेज कुठलं, याला खरं तर अर्थ नाही. आमच्याकडे कॉलेज ही नाव ठेवायची जागा आहे. शिकायची जागा नागपूर, लातूर नाहीतर कोटा. याचं कारण नियमातच आहे. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला जायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. पोरगं राजस्थानात गेलं आणि तिथूनच बारावी झालं, तर राज्याच्या ८५ टक्के जागा हातच्या गेल्या. मग काय, नाव चंद्रपूरला आणि देह कोट्याला. याला टाय-अप म्हणतात. २०१८मध्ये शासनानं विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना बायोमेट्रिक हजेरी लावायचं फर्मान काढलं. पण ज्या पोराचा देहच नाही, त्याचा अंगठा कुठून आणणार? यंत्र आलं, भिंतीला लागलं आणि आता भिंतीची हजेरी नियमित लागते.

सिरोंच्याची गोष्ट आणखी बहारदार. गोदावरीचा पूल ओलांडला की तेलंगणा. तिकडे अकरावी-बारावीला ‘इंटर’ आणि पीसीबीला बायपीसी म्हणतात, घरात तेलुगू चालतं म्हणून शिकवलेलंही समजतं. पोरगं तिकडे गेलं, चांगलं शिकलं, नीटमध्ये बरे गुण आणले आणि परत येऊन बघतं तर महाराष्ट्राच्या लेखी ते परक्या राज्याचं. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर तर दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथे रेशन कार्डं दोन, मतदार यादीत नाव दोनदा, सरपंचही दोन. डॉक्टरकीसाठी मात्र बारावी एकाच राज्याची चालते. दोन्हीकडून तांदूळ उचलणं सोपं, दोन्हीकडून प्रवेश मिळवणं कठीण, एवढं तरी तिथल्या पोरांनी विषय निवडण्याआधी शिकून घ्यावं.

आणि ज्यांच्या नावावर आदिवासी राखीव जागा आहेत, त्यांना फॉर्मवर न छापलेला आणखी एक विषय असतो. त्याचं नाव व्हॅलिडिटी, म्हणजे जमातीच्या दाखल्याची पडताळणी. यात तोंडी परीक्षा पोराची नाही, आजोबाची. १९५०च्या आधीचा, जमातीची नोंद असलेला कागद आणायचा. १९५०च्या आधी हा मुलूख मध्य प्रांतातला चांदा जिल्हा होता आणि आजोबा ज्या पाड्यावर होते तिथे शाळा नव्हती. म्हणून दाखला नाही. दाखला नाही म्हणून आदिवासी असल्याचा पुरावा नाही. शाळा नसणं हाच खरं तर पुरावा मानायला हवा, पण त्यावर शिक्का कुठे मारणार?

परीक्षेचा दिवसही कुणीतरी विचार करून ठरवतं असं दिसतं. नीट बहुधा मेच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोनला. पारा पंचेचाळीसच्या आसपास. गावात तेंदूपत्ता तोडायला पहाटे तीनला उठलेली माणसं सावली धरून पुडे बांधत असतात आणि त्यांची पोरगी फाटकातल्या रांगेत. बूट नको, लांब बाह्या नकोत, दागिने नकोत. आमच्या पोरांना हा ड्रेस कोड शिकवावा लागत नाही. पायात स्लीपर आणि अंगात अर्ध्या बाह्या हाच त्यांचा बारमाही गणवेश.

आत गेल्यावर प्रश्न येतो सिकलसेलचा. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी कोणतं अमिनो आम्ल येतं? व्हॅलीन. चार गुण. कुरखेड्याच्या पोरीच्या घरात सिकलसेलचा भाऊ असतो. तो दुखून कळवळला की कोणत्या वेळी कोणतं वाहन मिळतं, दवाखान्यात कोणत्या वारी डॉक्टर असतो, हे तिला झोपेतही सांगता येईल. त्याला मात्र गुण नाहीत. सहावी जागा चुकली तर उलट एक गुण वजा. लातूरला दोन वर्षं राहिलेल्या पोराला सिकलसेलचा पेशंट कधी दिसलेला नसतो, पण सहावी जागा तो चुकत नाही. मलेरियाचंही तसंच. परजीवी आधी यकृतात जातो का रक्तात, हे विचारतात. रात्री ताप चढलेल्या पोराला घेऊन आशाताईकडे किती नाले ओलांडून जावं लागतं, हे विचारत नाहीत.

नीट मराठीतही देता येते, हे ऐकून काही मंडळींचा ऊर भरून येतो. अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीत शिकवून मग परीक्षेत मराठीची मुभा देणं, म्हणजे पोहून गेलेल्याला पैलतीरावर नाव देणं. माडिया पोराला तर हे दोन्ही परकेच. त्याला नदी दोनदा पोहावी लागते.

आदर्शांची मात्र आमच्याकडे टंचाई नाही. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३मध्ये आले, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ ही संस्था उभी केली. आमट्यांवरचा सिनेमा २०१४ साली आला, तेव्हा चंद्रपुरात थिएटरमधून माणसं डोळे पुसत बाहेर पडली आणि पार्किंगमध्येच ठरलं, की आपली पोरगी स्किन स्पेशालिस्ट होईल, नागपूरला. ‘आमट्यांचं वेगळं असते न भाऊ’ हे वाक्य मी या जिल्ह्यात इतक्यांदा ऐकलं आहे, की ते बारावीच्या अभ्यासक्रमात असावं असं वाटतं.

सरकारनं आपलं काम केलं, हे मान्य करायला हवं. चंद्रपूरचं वैद्यकीय महाविद्यालय २०१५ला सुरू झालं, गडचिरोलीचं २०२४ला, शंभर जागांचं. विदर्भाच्या पोरांना विदर्भातल्या सत्तर टक्के जागा देणारं ७०:३०चं सूत्र मात्र २०२०मध्ये गेलं. ते सूत्र बरोबर होतं का, यावर मराठवाड्यात आणि आमच्यात अजून भांडण होऊ शकतं, म्हणून मी त्यात पडत नाही. आता राज्याची गुणवत्ता यादी एकच. परिणाम असा, की गडचिरोलीच्या पोराला डॉक्टर व्हायला लातूरला जावं लागतं आणि लातूरच्या पोराला गडचिरोलीला. एसटी महामंडळानं या मार्गावर एक थेट गाडी सोडली तर ती तोट्यात जायची नाही.

आणि शेवटी बॉण्ड. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालं की वर्षभर सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख भरायचे, असं आमच्याकडे धरून चालतात. हा विषय फॉर्मवर नसला तरी आमचे पालक सगळ्यांत आधी याचाच अभ्यास करतात. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले. पोरगी दहावी पास, फॉर्म अजून भरायचा होता. विषयांबद्दल विचारतील म्हणून मी भौतिकशास्त्राचं प्रवचन तयार ठेवलं होतं. ते म्हणाले, “भाऊ, ते दहा लाख हप्त्यानं भरता येते का? नाही म्हनजे, पोरीले कुठंतरी एटापल्लीले टाकतीन, तं तिथं ते राहीन कशी?”

मी विचारलं, आपण कुठले?

“एटापल्लीचेच न.”