कबुतर, शेळी आणि एक रुपया

(नव्याने रुजू झालेल्या गुरुजी-बाईंसाठी वर्तनवादाची प्रात्यक्षिके)

डीएडला असताना पाव्हलॉवचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर आणि स्किनरचं कबुतर आपल्याला तोंडपाठ होतं. शाळेवर हजर झाल्यावर कळतं, की पहिलीच्या वर्गात या तिघांपैकी कोणीच बसलेलं नाही. घाबरू नये. सिद्धांत तोच, फक्त पिंजऱ्याला दार नाही.

सुरुवात टोलापासून करावी. आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला होता. पाव्हलॉवला घंटा आणि अन्न यांची जोडी कुत्र्याच्या डोक्यात बसवायला बऱ्याच फेऱ्या घ्याव्या लागल्या. आमच्या पोरांना खिचडीचा टोल दोन दिवसांत कळला. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या टोलालाही सगळी ताटल्या घेऊन रांगेत उभी. याला सामान्यीकरण म्हणतात. परीक्षेला हमखास येतं. पुढे पुढे टोलाचीही गरज उरत नाही. मावशींच्या फोडणीचा चर्र आवाज झाला की चाळीस डोळे स्वयंपाकघराकडे वळतात. म्हणून नियम लिहून ठेवावा : फोडणीनंतर भागाकार घेऊ नये. बेरीज चालते.

आता शिक्षा. छडीचा विचार मनात आल्यास शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 आठवावं. 1 एप्रिल 2010 पासून ते लागू आहे. स्किनरही शिक्षेच्या विरोधातच होता. न मारता धाक ठेवण्याचा नमुना हवा असेल तर आपल्याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यात जावं. शनिशिंगणापूरच्या घरांना परंपरेने दारं-कुलपं नसतात. चोरी केलीच तर शनिदेव बघून घेईल, एवढ्या भरवशावर गाव चालतं. मीही खडूची पेटी उघडी ठेवून ‘वरून कोणीतरी बघतंय’ असं वर्गाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी खडू संपले. कोणी घेतले विचारल्यावर सगळ्यांनी एकमुखाने छताकडे बोट दाखवलं.

मग बक्षीस. हातावर बॉलपेनने चांदणी काढावी, दहा चांदण्यांना एक पेन्सिल द्यावी. योजना छान चालते. आठवडाभराने एका मुलाच्या कोपरापर्यंत चांदण्या दिसल्या आणि त्या माझ्यापेक्षा सुबक होत्या. चलन बनावट असल्याचं सिद्ध करता आलं नाही. शेवटी चांदण्या काढायचं कामच त्याला दिलं.

विलोपनाचा प्रयोग मात्र जपून करावा. नको असलेल्या वर्तनाकडे दुर्लक्ष केलं की ते हळूहळू मावळतं. त्याआधी काही काळ उफाळून येतं, तेव्हा डगमगू नये, असं शास्त्र सांगतं. मागच्या रांगेतून ‘बें’ असा आवाज आला. मी डगमगलो नाही. आवाज वाढला, शास्त्राप्रमाणेच चाललं आहे म्हणून मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिलो. दहा मिनिटांनी मागे वळलो तर ती खरोखरची शेळी होती, आणि पाढ्यांच्या तक्त्यातला सतराचा पाढा तिने खाऊन संपवला होता. दुसऱ्या दिवसापासून मुलं तिच्यासाठी सुबाभळीचा पाला आणू लागली. त्रासदायक गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन वाढलं, यालाच ऋण प्रबलन म्हणतात. टीईटीला बसणारे निम्मे उमेदवार त्याला शिक्षा समजतात. त्यांना ही शेळी सांगावी.

एवढं जमलं की कळीच्या मुद्द्याकडे वळावं. 1953 मध्ये स्किनर स्वतःच्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. गणित सोडवलेल्या मुलांना ते बरोबर की चूक हे दुसऱ्या दिवशीपर्यंत कळत नव्हतं. कबुतराला चोच मारताच दाणा मिळतो, आणि माणसाच्या लेकराला एक रात्र थांबावं लागतं! हे त्याला इतकं खटकलं, की तो अध्यापन यंत्र बनवायला बसला. दाणा ताबडतोब मिळाला पाहिजे, हे त्याच्या शास्त्राचं मर्म.

आपल्या राज्याने हे शास्त्र स्वीकारलेलं आहे. 1992 पासून पहिली ते चौथीच्या गरीब, मागास समाजांतल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल उपस्थिती भत्ता आहे : दिवसाला एक रुपया. अट 75 टक्के हजेरीची, वर्षाला जास्तीत जास्त 220 रुपये. दाणा आहे, पण तो चोच मारल्यावर पडत नाही. आधी हजेरीची टक्केवारी निघते. तीस वर्षं उलटली तरी रुपया रुपयाच राहिला. तेवढ्या काळात लिमलेटची गोळीसुद्धा त्याच्या हातातून निसटली. मुलींना हे समजावून सांगताना फळ्यावर कबुतर काढू नये, असा माझा सल्ला आहे. एकीने विचारलं होतं, ‘गुरुजी, ते वर्षभर उपाशी राहतं का?’

खरा वर्तनशास्त्रज्ञ मला भेटला तो शाळेच्या पारावर. दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीचा मुकादम येतो. पुस्तक म्हणतं, आधी वर्तन, मग बक्षीस. मुकादम उलटं करतो : आधी उचल, मग ऊस. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, पन्नास हजारांपासून लाखाच्या घरातली रक्कम रोख मोजतो, आणि पुढचे पाच-सहा महिने ती जोडी, बऱ्याचदा लेकरांसकट, तो नेईल त्या कारखान्याच्या फडात असते. कसलंही विलोपन नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कुठल्याही गुरुजींना विचारा. स्किनर हे पाहायला आला असता तर कबुतरं सोडून मुकादमाकडे उमेदवारीला राहिला असता.

नवगुरुजींनी दिवाळीच्या सुट्टीआधी एवढं करावं : स्थलांतर करणाऱ्या मुलांची शिक्षण हमी कार्डं भरून ठेवावीत, हंगामी वसतिगृहासाठी आजी-आजोबांना गाठावं, आणि जी मुलं टोळीबरोबर जाणार आहेत त्यांना पेन्सिल चांदण्या न मोजता देऊन टाकावी.

आमचा चांदण्या काढणारा त्या वर्षी कारखान्यावर गेला. शेळी त्याच्या घरचीच निघाली. ती आजीपाशी राहिली. खिचडीचा टोल झाला की वेळेवर येते.