बर्बन चाखावी कशी? परभणीकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आपल्याला पाठ आहे. या क्रमवारीत अमेरिकेच्या केंटकी राज्याला कुठे बसवायचं, याचा निर्णय मात्र आजवर कोणी घेतलेला नाही. तो घेण्याआधी तिथली बर्बन व्हिस्की तुलना करून चाखणे क्रमप्राप्त आहे. सबब हे मार्गदर्शन. ते जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेडसह सर्व तालुक्यांना लागू राहील.

सुरुवात कागदपत्रांपासून. आपल्या राज्यात दारू मिळते ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, हे प्रथम समजून घ्यावे. ज्यांना समजणार नाही त्यांनी तसेच पुढे जावे. वय २५ पूर्ण हवे आणि खिशात परवाना हवा. एका दिवसाचा परवाना ५ रुपयांना, आजन्म १००० रुपयांना. हिशेबी माणसाच्या लगेच ध्यानात येईल की दोनशे दिवसांत आजन्म परवाना वसूल होतो. पण हा हिशेब घरी मांडू नये. याच कायद्यात प्रकृती टिकवण्यासाठी विदेशी मद्य लागणाऱ्यांकरिता 'आरोग्य परवाना' नावाची सोय आहे. तेव्हा दुकानात शिरताना चेहरा किंचित आजारी ठेवलेला बरा.

आता बाटली. इथे पहिली अडचण उभी राहते.

"भाऊ, बर्बन आहे का?"

"बिस्किटं किराण्यात भेटतील मालक. हितं कामून विचारायलात?"

दुकानदाराचं चुकलेलं नाही. दहा रुपयांच्या पुड्यातली बर्बन गावोगाव पोचली आहे. बाटलीतली पोचायची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आणलं, पण त्या आनंदात मोंढ्यात कोणी पेढे वाटल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे परदेशातून येणारा पुतण्या हाच खात्रीचा पुरवठादार. विमानतळावरून त्याला दोन लिटरपर्यंत शुल्कमुक्त आणता येते. वर्षभर त्याचा फोन न उचलणाऱ्या काकांनी दिवाळीपासून उचलायला सुरुवात करावी.

बाटली हाती आली की लगेच झाकण फिरवू नये. लेबल वाचावे. आपल्याकडच्या व्हिस्कीवर ७५ डिग्री प्रूफ लिहिलेलं असतं आणि अमेरिकन बाटलीवर ८० प्रूफ. यावरून 'अमेरिकेची जास्त कडक' असं जाहीर करणारा एकजण प्रत्येक बैठकीत असतोच. त्याला शांतपणे सांगावे, की अमेरिकन प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट, आणि आपलं प्रूफ इंग्रजांच्या मापाचं. त्यामुळे त्यांची ८० वाली ४० टक्के भरते आणि आपली ७५ वाली ४२.८ टक्के. परभणी इथे पुढे आहे. ही नोंद इतिवृत्तात घ्यावी.

यानंतर विचारायचा तो खरा प्रश्न: कशाची? दाणा बघून भाव करणारा आपला माणूस परमिट रूममध्ये बसला की हा प्रश्न नेमका विसरतो. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कीचा पाया मळीचा असतो, म्हणजे ज्वारीच्या मुलखात बसून आपण ऊस पीत असतो. बर्बनचं तसं नाही. तिच्यात मका निदान ५१ टक्के हवाच. बहुमताला लागतो तेवढा. उरलेल्या जागा राई नाहीतर गहू, आणि मोड आणून वाळवलेला सातू यांना. (राई म्हणजे फोडणीतली नव्हे, गव्हाच्या भावकीतलं, थंड मुलखातलं धान्य.) सगळी तुलना या वाटणीवर चालते. जिम बीम आणि वुडफर्ड रिझर्व्हमध्ये राई आहे, म्हणून घोटाच्या शेवटी मिरीचा झटका लागतो. मेकर्स मार्कमध्ये राईऐवजी गहू, म्हणून ती मऊ आणि गोडसर. मेकर्स मार्कवाल्या बिल सॅम्युअल्स यांनी धान्याचं प्रमाण ठरवण्यासाठी दारू गाळत न बसता घरी निरनिराळ्या मिश्रणांचे पाव भाजून पाहिले, असं सांगतात. तिथे आख्यायिका होऊन बसलेली ही युक्ती आपल्याकडे भाकरी थापणाऱ्या कोणत्याही मावशीने फुकट सांगितली असती.

आणि जॅक डॅनियल्स? मैफलीत हा प्रश्न निघाला की निम्मी मंडळी उठून जातात. ती टेनेसीची, पिंपात भरण्याआधी मेपलच्या कोळशातून गाळतात, आणि कंपनी स्वतःच तिला बर्बन म्हणवत नाही. बाकीचा वाद जेवणानंतर घ्यावा.

पिंपाचा नियमही कडक आहे. ओकचं कोरं पिंप आतून जाळायचं आणि बर्बनसाठी एकदाच वापरायचं. वरून रंग किंवा चव घालायला मनाई. रिकामी पिंपं स्कॉटलंडला जातात, थोडी गोव्यातही येतात; तिथली पॉल जॉन व्हिस्की त्यातच मुरते. केंटकीच्या कडक उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते, आणि रंग-वास घेऊन येते. म्हणजे मे महिन्यात ४४ च्या वर आणि डिसेंबर-जानेवारीत कधी ५ च्या खाली जाणारी परभणी या कामाला जन्मजात लायक. अडचण एकच: पिंपातून उडून जाणारा वाटा, ज्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूच्या सौम्य हवेतही तो वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास जातो. परभणीत चार उन्हाळ्यांनंतर देवदूत तर्र आणि मालक कोरडा, अशी स्थिती संभवते.

प्रत्यक्ष चाखणी हुरड्याच्या दिवसांत ठेवावी. ज्याच्या जिभेला गूळभेंडीचा हुरडा आणि 'परभणी वसंत'चा हुरडा यातला फरक कळतो, त्याला राई आणि गहू वेगळे करायला कसली अडचण? पण क्रम पाळावा: आधी चाखणी, मग आगटी. लसणाच्या चटणीनंतर व्हॅनिला शोधू नये. चखण्याचं ताट एका जबाबदार, शक्यतो पथ्यावर असलेल्या व्यक्तीच्या ताब्यात द्यावं. ग्लास काचेचे, कटिंग चहाचे चालतील. प्लास्टिकचे नकोत, त्यांचाच वास येतो. ग्लासांखाली चिठ्ठ्या ठेवून नावं झाकावीत, नाहीतर महागडी बाटली चाखण्याआधीच जिंकते. प्रत्येकी १५ मिली, कमी टक्क्यांची आधी. नाक ग्लासात खुपसू नये. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यावा. मग घोट तोंडात घोळवून चावल्यासारखा करावा. केंटकीत याला 'केंटकी च्यू' म्हणतात. मोंढ्यातला अडत्या ज्वारीचे दोन दाणे दाताखाली घेऊन भाव बोलतो, त्याला कोणी काहीच म्हणत नाही.

दुसऱ्या घोटाला थेंबभर पाणी घालावे, जारचे. केंटकीवाले आपल्या चुनखडीच्या झऱ्यांची फुशारकी मारतात. आपण बोअरची मारू नये. कोला ओतणाऱ्यास पुढील बैठकीचे निमंत्रण नाही. अभिप्राय मराठीत नोंदवावा: काकवी, भाजलेलं कणीस, जुनी सागवानी पेटी, भिजलेलं गोणपाट. 'एक नंबर' हा अभिप्राय धरला जाणार नाही.

निकाल असा: एकच बाटली परवडत असेल तर मेकर्स मार्क, दोन परवडत असतील तर जोडीला वुडफर्ड, म्हणजे गहू आणि राई समोरासमोर येतात. पुतण्या येणार नसेल तर जून २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलेला धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा वर्ग आहे. १८० मिलीची किमान किंमत १४८ रुपये. तिथेही आधी विचारा, कशाची? आणि परतताना दुचाकी राहू द्या तिथेच, ऑटोने घरी जा.