करारांचा मोसम

मार्च जवळ आला की कंपन्यांना समाज आठवतो आणि विद्यापीठांना कंपन्या. 2013च्या कंपनी कायद्यातले कलम 135 बड्या कंपन्यांना बजावते, की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करा. दातृत्वाला आर्थिक वर्षाची मुदत असल्यामुळे ते वेळेवर उफाळून येते.

मग 'सामाजिक नवोन्मेष केंद्रा'साठी सामंजस्य करार होतो. शाल, श्रीफळ, फायलींची देवाणघेवाण, कॅमेऱ्याकडे पाहून हसणे. करार 'नॅक'च्या अहवालात मोजला जातो, कंपनीच्या वार्षिक अहवालात छापला जातो. सामंजस्य इथवर पूर्ण होते. समाज बॅनरवर असतोच. त्याला व्यासपीठावर कशाला बसवायचे?

आपल्याकडे हे सगळे पूर्वी फारच गलथानपणे चाले. कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ आधी काढले आणि ठाकरसींचे पंधरा लाख 1920 मध्ये, मागाहून आले. दात्याने आईचे नाव द्यायला सांगितले खरे, पण नाव द्यायला विद्यापीठ तरी जागेवर होते. भाऊराव पाटलांच्या 'रयत'ने तर मुष्टिफंडातून घरोघरचे मूठमूठ धान्य गोळा करून मुले शिकवली. ना करार, ना प्रभाव-मूल्यमापन!

आज एखादी आजी मूठभर ज्वारी घेऊन विद्यापीठात आली, तर समन्वयक अदबीने म्हणतील, "ठेवा तिथे. आणि आजी, तुमचा लोगो तेवढा मेल करा."