भोपळ्यातलं भूत

अंधेरी-बोरिवलीच्या टॉवरांत ऑक्टोबर संपता संपता भुतं उतरू लागली आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फर्मान निघतं: ३१ तारखेला हॅलोविन, संध्याकाळी मुलं बेल वाजवतील, चॉकलेटं तयार ठेवा. गणपतीची वर्गणी मागायला गेलं की दाराच्या भिंगातून बघून श्वास रोखून बसणारे सभासद, या चिमुकल्या हडळींसाठी मात्र वाडगा भरून दारात उभे. वर लिंबू-मिरची लटकतेच आहे.

२०२४ साली तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली. पहाटे अंगठ्याने कारीट चिरडून मारलेला नरकासुर संध्याकाळी शिंगं लावून लिफ्टने वर आला.

चंगळ भाजीवाल्याची. एरवी फोडींवर खपणारा लाल भोपळा आता अख्खा जातो. त्याला डोळे-दात कोरतात; निघालेल्या गराचे घारगे करायला सवड कुणाला? ऑक्टोबर हीटमध्ये दोन दिवसांत भोपळा असा काही वास मारतो की खरी भीती तेव्हाच वाटते.

शेजारच्या मरोळ गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. हॅलोविन ही १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या, हे त्यांना विचारलं असतं तर फुकट कळलं असतं. पण टॉवरवाल्यांचं गावठाणाशी बोलणं होतं ते फक्त पार्किंगवरून.

आणि आपले पितर? ते भाद्रपदात येऊन गेले. गच्चीवर नोटीस होती: कावळ्यांना खाऊ घालू नये, दंड आकारण्यात येईल.